कोकणाने कामाआधी वाट का मागितली

कोकण रेल्वे महामंडळाचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण करण्यास महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये संमती दिली आणि 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहावे, अशी अट त्यासोबत घातली. सावंतवाडीच्या रखडलेल्या टर्मिनसला प्रा. मधू दंडवते यांचे नाव द्यावे, ही मागणीही अधूनमधून वर येते. नावाबद्दलचा हा आग्रह बाहेरच्या माणसाला भावनेचा वाटेल, पण त्यामागे एका लोकसभा मतदारसंघाचा चौतीस वर्षांचा व्यवहार आहे. १९५७ पासून १९९१ पर्यंत राजापूर मतदारसंघाने दोनच खासदार दिल्लीला पाठवले, आधी बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर दंडवते. दोघेही समाजवादी, दोघेही बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसलेले, आणि दोघांनीही आपल्या लोकांसाठी सर्वांत आधी जे मागितले ते गावात काम नव्हते, तर कामापर्यंत जाण्याची वाट होती. असे का झाले, हे समजण्यासाठी त्या काळचे दक्षिण कोकण डोळ्यांसमोर आणावे लागते.

भाताचे एक पीक, तेही डोंगरउतारावरच्या चिंचोळ्या वाफ्यांत, आणि वाटण्या होत होत गुंठ्यांवर आलेली जमीन, यांवर वर्षभर घर चालत नव्हते. किनाऱ्यावरच्या गावांना मासेमारीचा आधार होता, पण पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवाव्या लागत आणि बाजारपेठ दूर असल्यामुळे जास्तीचा मासा खारवून सुकवण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून घरटी एक तरी माणूस मुंबईत असे. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाची स्वतःची खोली असे, तिथे पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार असत, आणि गावाकडे त्यांना एकाच शब्दाने ओळखले जाई, तो म्हणजे चाकरमानी. महिन्याच्या ठरलेल्या दिवसांत पोस्टमन वाडीत शिरला की मनीऑर्डर आली हे कळे. तिच्या तळाशी मजकुरासाठी सोडलेल्या बोटभर जागेत 'तब्येत बरी आहे, भात लावून घ्या' एवढेच लिहिलेले असे, आणि पैसे मिळाल्याच्या पोचपावतीवर आईचा किंवा बायकोचा अंगठा उठे. कोकणाच्या अर्थव्यवस्थेला 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' म्हणण्याचा प्रघात पडला तो यामुळे. त्यात थोडी हेटाळणी असली, तरी वर्णन म्हणून ते चुकीचे नव्हते.

कमावणारा माणूस मुंबईत आणि घर कोकणात, अशी रचना एकदा पक्की झाली की या दोहोंमधला प्रवास हीच सर्वांत मोठी सार्वजनिक सेवा ठरते, आणि ती सेवा समुद्रावर अवलंबून होती. मुंबईच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीपर्यंत जाई. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे माणसे-माल नेणाऱ्या होड्या, तिला जाऊन भिडत, आणि लाटेसरशी पडाव वर आला की त्या क्षणी खलाशांनी हात देऊन म्हाताऱ्यांना, पोरांना, ट्रंकांना आणि फणसांना खाली ओढून घ्यायचे, असा तो उतार होता. पावसाळा लागला की ही लांब पल्ल्याची बोट बंद होई. ही वाहतूक किती जोखमीची होती याची आठवण १७ जुलै १९४७ ने कायमची कोरून ठेवली आहे. मुंबईहून जवळच्याच रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट त्या दिवशी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीला पर्याय होता तो घाटांतून वळणे घेत जाणाऱ्या एसटीचा, आणि पावसात दरड कोसळली की तोही उरत नसे. ऐंशीच्या दशकात प्रवासी बोट कायमची थांबली, तेव्हा तिची जागा घेणारी रेल्वे अजून कागदावरच होती.

रेल्वेची मागणी अर्थातच त्याहून जुनी आहे. अ. ब. वालावलकर यांच्यासारख्या माणसांनी तिच्या पाठपुराव्यात आयुष्य घातले. लोकसभेत तिला आवाज मिळाला तो वेंगुर्ल्यात जन्मलेल्या नाथ पैंमुळे. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या. देशाला ते परराष्ट्र धोरणावर आणि घटनादुरुस्तीवर बोलणारे संसदपटू म्हणून आठवतात, मतदारसंघाला मात्र रेल्वे मागणारा खासदार म्हणून. सरकारी बाजूचे उत्तर साधारण ठरलेले असे. डोंगर, नद्या आणि खाड्या ओलांडण्याचा खर्च फार, त्या मानाने माल नाही, म्हणून मार्ग परवडत नाही. मुंबईकडून दिवा–पनवेल आणि पुढे आपट्यापर्यंत रूळ साठच्या दशकात आले आणि तिथेच थबकले. 'माल नाही म्हणून रेल्वे नाही आणि रेल्वे नाही म्हणून उद्योग नाहीत' या चक्रातून बाहेर पडायचे, तर रेल्वेकडे नफ्याच्या नव्हे तर विकासाच्या हिशेबाने पाहावे लागेल, हा कोकणच्या बाजूचा युक्तिवाद होता. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै यांचे अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निधन झाले, तेव्हा हा युक्तिवाद जसाच्या तसा अनुत्तरित होता.

त्यानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत राजापूरने ज्यांना निवडले, ते दंडवते मूळचे अहमदनगरचे आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते. इंदिरा गांधींच्या त्या लाटेत विरोधी उमेदवाराने निवडून येणे सोपे नव्हते. पण मुंबईत राहणारा खासदार हा कोकणाला परका वाटत नाही, कारण अर्धे गाव तिथेच असते. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. सामान्य प्रवाशाला त्यांची ती कारकीर्द आठवते ती दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर आलेल्या दोन इंची गादीमुळे, आणि ही आठवण मुळीच क्षुल्लक नाही. मंगळूरपर्यंतचा संपूर्ण किनारी मार्ग मात्र त्या अल्पजीवी सरकारच्या आवाक्यात आला नाही. आपट्याच्या पुढे रोह्यापर्यंतच्या टप्प्याला त्या काळात चालना मिळाली आणि १९८६ मध्ये गाडी रोह्याला पोहोचली. रोहा हे रायगड जिल्ह्यात आहे. राजापूर, कणकवली, कुडाळ अजून दूरच होती.

दरम्यान मागणीचा पायाच हलला होता, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाकडे पाहताना या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांमधील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी संपलाच नाही. गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि मनीऑर्डर आटल्या. अनेक चाकरमानी गावी परतले, ते सुट्टीसाठी नव्हे, तर खोलीचे भाडे परवडेना म्हणून. ज्या नोकऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी वाट मागितली होती त्या नोकऱ्याच नाहीशा होत असताना वाटेची मागणी मात्र आणखी जोर धरत गेली. फरक इतकाच पडला की, आता रेल्वेने माणूस मुंबईला न्यावा यापेक्षा तिने कारखाना, पर्यटक आणि बाजार कोकणात आणावा, अशी अपेक्षा तिच्यावर लादली गेली. एकाच रुळावर ठेवलेली ही दोन ओझी होती, आणि त्यांतले दुसरे कितपत पेलेल याचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही.

प्रत्यक्ष कामाला मुहूर्त लागला तो काहीशा योगायोगाने. मंगळूर ते मडगाव या भागाचे अंतिम सर्वेक्षण ऑक्टोबर १९८४ मध्ये हाती घेतले गेले, पुढच्या वर्षी ते रोह्यापर्यंत वाढवण्यात आले आणि दक्षिण रेल्वेने १९८८ मध्ये अहवाल दिला. अहवाल होता, पैसा नव्हता. डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले, त्यात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, दंडवते अर्थमंत्री झाले आणि रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. फर्नांडिस मूळचे मंगळूरचे, हेगडे उत्तर कन्नडचे आणि दंडवते राजापूरचे खासदार. किनारी मार्गाला ज्या तीन टेबलांवर मंजुरी लागत होती, त्या तिन्ही टेबलांमागे त्याच किनाऱ्याशी नाते असलेली माणसे बसली होती. असे पुन्हा कधी घडले नाही.

तरीही रेल्वेच्या वार्षिक तरतुदीतून हा मार्ग बांधायचा, तर दोन-तीन दशके गेली असती. त्यावर तोडगा निघाला तो स्वतंत्र महामंडळाचा. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के, आणि उरलेला पैसा रोखे विकून बाजारातून उभा करायचा. ई. श्रीधरन यांच्या अध्यक्षतेखाली १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली आणि १५ सप्टेंबरला रोह्यात कोनशिला बसली. नोव्हेंबरमध्ये सरकार पडले. दंडवते यांच्या वाट्याला अर्थमंत्री म्हणून एकच अर्थसंकल्प आला होता. महामंडळाची रचना तोवर झालेली होती, म्हणूनच सरकार गेल्यावरही काम थांबले नाही. नेत्याच्या कर्तृत्वाचे माप कोनशिलेवरून घेण्याची आपल्याकडे सवय आहे, पण या प्रकरणात खरी कमाई होती ती रोख्यांच्या कागदात.

काही महिन्यांतच, १९९१ च्या निवडणुकीत, दंडवते राजापूरमधून हरले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. रेल्वे आणणाऱ्याला कोकणाने पाडले, असे त्यावर आजही हळहळून बोलले जाते. त्याला कृतघ्नपणा म्हणणे मात्र एकांगी होईल. पाच वेळा निवडून दिलेल्या माणसाला सहाव्यांदा घरी बसवणारा मतदार तेव्हा रूळ नव्हे, तर शेतातून जाणारी मोजणीची खुणेची दांडी तेवढी पाहत होता.

बांधकामाचे आकडे प्रसिद्ध आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, ९१ बोगदे, लहानमोठे धरून जवळपास दोन हजार पूल, रत्नागिरीजवळ पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. मऊ मातीतले बोगदे, विशेषतः गोव्यातल्या पेडण्याचा, पुन्हा पुन्हा ढासळत राहिले. या कामात ७४ जणांनी जीव गमावला, आणि रत्नागिरी स्थानकातले श्रमशक्ती स्मारक त्यांचे आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीसाठी खुला झाला.

गाडी आली आणि माणसांची सोय निर्विवाद झाली. गणपतीला गावी जाणे हा पूर्वी दोन दिवसांचा खटाटोप होता, तो एका रात्रीचा झाला. दिवा–सावंतवाडी पॅसेंजरच्या अनारक्षित डब्यातून टोपल्या, कोंबड्या आणि गॅसच्या शेगड्या घेऊन माणसे कमी भाड्यात जाऊ-येऊ लागली. पण गावात रोजगार वाढला का, या प्रश्नाचे उत्तर जनगणनेत आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आणि सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर आली. मुंबई शहर जिल्हा सोडला, तर राज्यात घट झाली ती याच दोन जिल्ह्यांत. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या, म्हणजे पुरुष अजूनही बाहेरच होते. हे रेल्वेमुळे झाले असे म्हणता येणार नाही, पण ते रेल्वेने थांबवले नाही हे स्पष्ट आहे. देवगडचा हापूसही बहुतांशी ट्रकनेच वाशीला जात राहिला, कारण बागेतून उचललेली पेटी मध्ये कुठे न उतरवता पहाटे बाजारात पोहोचवणे ट्रकलाच जमते. महामंडळाने १९९९ मध्ये भरलेले ट्रकच मालगाडीवर चढवून कोलाड ते वेर्णे नेण्याची रो-रो सेवा सुरू केली. ती कल्पकच होती, पण तिचा लाभ मुख्यतः आरपार जाणाऱ्या मालाला झाला.

गावातल्या गावात काम, या दुसऱ्या वाटेचा इतिहास वेगळ्या खात्यातून येतो आणि त्याला रेल्वेइतके वलय कधी लाभले नाही. वेंगुर्ल्यात १९५७ मध्ये फळ संशोधन केंद्र निघाले, १९७२ मध्ये दापोलीत कृषी विद्यापीठ आले, आणि पुढे त्याला याच भूमीतले कृषिमंत्री बाळासाहेब सावंत यांचे नाव मिळाले. ज्या १९९० साली रोह्यात कोनशिला बसली, त्याच साली राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू केली. स्वतःच्या कातळावर किंवा वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत खड्डा खणायचा, हापूसचे किंवा वेंगुर्ल्याच्या जातीच्या काजूचे कलम लावायचे आणि त्या मजुरीचे पैसे हमी योजनेतून घ्यायचे, असा तो साधा व्यवहार होता. दक्षिण कोकणातल्या डोंगरउतारांचा रंग बदलला तो या योजनेने. एका पिढीला जो पैसा पोस्टमन आणून देत असे, त्यातला काही पुढच्या पिढीला काजूच्या बीने दिला.

रेल्वेपुढचे प्रश्न त्यानंतर वेगळे होत गेले. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ मार्गावर कोसळलेल्या दगडांनी गाड्या घसरून माणसे मृत्युमुखी पडली, आणि तेव्हापासून पावसाळ्यात गाड्या कमी वेगाने धावतात. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाले, दुहेरीकरण मात्र रोहा–वीर या तुकड्यापलीकडे सरकलेले नाही. ज्या स्वतंत्र महामंडळामुळे १९९० मध्ये काम मार्गी लागले, त्याच रचनेमुळे आता केंद्राच्या रेल्वे अर्थसंकल्पातून स्थानकांना आणि नव्या रुळांना थेट पैसा मिळत नाही, ही विलीनीकरणामागची मुख्य तक्रार आहे. २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघच नकाशावरून गेला आणि त्याचा भाग रत्नागिरी–सिंधुदुर्गात मिसळला. सावंतवाडी टर्मिनसचे भूमिपूजन २०१५ मध्ये, राजापूरचेच माजी खासदार सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना झाले होते. गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण सुरू होताच काही मिनिटांत संपते, आणि मुंबईतला चाकरमानी प्रतीक्षा यादीवरचा आपला क्रमांक पाहत बसतो.