मायनहार्ट, हान्स

(१९३८–२०१६). जर्मन भौतिकशास्त्रज्ञ. एका फलित पेशीपासून डोके, शेपूट, पाठ, पोट असलेला जीव कसा घडतो, हा प्रश्न त्यांनी गणिताने सोडवायला घेतला. जन्म म्यूलहाउझेन येथे. शिक्षण कोलोन व हायडेलबर्ग येथे. १९६६ मध्ये कोलोन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते जिनीव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत गेले. १९६९ मध्ये ते ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक विषाणू संशोधन संस्थेत आले आणि मग तिथलेच झाले. ही संस्था पुढे विकासजीवविज्ञानाची संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

तिथे आल्फ्रेट गीरर, तेही मूळचे भौतिकशास्त्रज्ञच, हायड्रावर प्रयोग करत होते. गोड्या पाण्यातला हा नळीसारखा जीव जेमतेम काही मिलिमीटर लांब असतो. त्याचा मधला तुकडा कापून ठेवला, तर जे टोक पूर्वी डोक्याकडे होते तिथेच नवे डोके येते. गीरर यांच्या गटाने हायड्राच्या पेशी पार सुट्या केल्या आणि पुन्हा एकत्र आणल्या. त्या सरमिसळ गोळ्यालाही काही दिवसांत संस्पर्शक (डोक्याभोवतीचे सोंडेसारखे अवयव) फुटले. आता या गोळ्यात ‘डोके इथे’ हे ठरवणारे कोणीच नाही. मग जागा ठरते कशी?

याचे उत्तर गीरर व मायनहार्ट यांनी १९७२ मध्ये मांडले. एक द्रव्य उत्तेजक : ते स्वतःचीच निर्मिती वाढवते, पण फार दूर पसरत नाही. तेच दुसऱ्या द्रव्याला, अवरोधकाला, जन्म देते. हे मात्र झपाट्याने लांबवर पसरते आणि उत्तेजकाला दाबते. सगळीकडे सारखेच असलेल्या पेशीसमूहात कुठेतरी उत्तेजक कणभर वाढला, की तो तिथे वाढतच जातो आणि आजूबाजूला दुसरे शिखर उठू देत नाही. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये रासायनिक विक्रिया आणि विसरण (द्रव्याचे आपोआप पसरणे) यांतून आकृती उमटू शकते हे दाखवले होतेच. पण जवळ उत्तेजन आणि दूर अवरोध ही अट इतकी स्वच्छ सांगितली ती या दोघांनी. मायनहार्ट यांचे खरे मोठेपण या अटीत आहे.

सागरी शिंपल्यांवरच्या नक्षीचा त्यांना विशेष लळा होता. शिंपला फक्त कडेला वाढतो, त्यामुळे मागावर ओळीमागून ओळ विणली जावी तशी नक्षी उमटते आणि प्राण्याच्या आयुष्याचा कालक्रम शिंपल्यावर वाचता येतो. १९९५ च्या त्यांच्या शिंपल्यांवरील ग्रंथासोबत संगणकाच्या आज्ञावल्याही होत्या, वाचकाने आकडे बदलून स्वतः नक्षी काढून पाहावी म्हणून.

त्यांची समीकरणे आधी आली, रेणू मागाहून सापडले. नोडल व लेफ्टी या प्रथिनांची जोडी अशीच वागते. झेब्रा माशाच्या भ्रूणात २०१२ मध्ये त्यांचे विसरण प्रत्यक्ष मोजले गेले : उत्तेजक नोडल संथ, अवरोधक लेफ्टी वेगवान.