ड्रॅगनच्या कपाटापुढे थांबणाऱ्या वाचकांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

सोलापुरातल्या आमच्या पुस्तकांच्या दुकानात शिरल्यावर डाव्या हाताचे शेवटचे कपाट ड्रॅगनच्या कादंबऱ्यांचे आहे. आठवी-नववीची मुले तिथे रेंगाळतात आणि त्यांचे आईवडील आम्हाला विचारतात, "हे वाचून काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. पण गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

कपाटात बऱ्याच प्रकारची पुस्तके आहेत. त्यातली एक जात आम्ही आपणहून मुलांच्या हातात देतो. तिच्यात ड्रॅगन बोलतात. त्यांच्या भाषा असतात, बोली असतात. कोणती बोली कोणाला शिकवायची, यावर भांडणेही असतात. माणसे आणि ड्रॅगन यांच्यात कधी काळी लढाई झालेली असते, मग तह झालेला असतो आणि त्या तहावर सगळा देश उभा असतो. नायक किंवा नायिका सोळा-सतरा वर्षांची. तिच्या हातात तलवार नसते, तिला भाषा येतात. म्हणून सत्तेवर बसलेल्यांना ती हवी असते. ती जसजशी ड्रॅगनची भाषा शिकते, तसतसे तिच्या ध्यानात येते की तहाबद्दल शाळेत सांगितले ते सगळे खरे नव्हते. आता हे कोणाला सांगायचे?

यात राजकारण कुठे आले, असे काही पालक विचारतात. एक उदाहरण देतो.

समजा तहात एक वाक्य आहे, "या डोंगरावर आमचा हक्क राहील." मराठीत हे ऐकताच आपल्याला कळते की समोरचा बाहेर राहिला. "आपला हक्क" म्हटले असते तर तोही आत आला असता. इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द आहे आणि हिंदीतल्या 'हम'चेही तेच. तेलुगूत मात्र आपल्यासारखाच भेद आहे: 'मेमु' म्हणजे आम्ही, 'मनमु' म्हणजे आपण. आता इंग्रजीत लिहिलेल्या तहाचे मराठी करणाऱ्याला एक शब्द निवडावाच लागतो. त्याने 'आम्ही' निवडले तर डोंगर एकाचा, 'आपण' निवडले तर दोघांचा.

ही नुसती कल्पना नाही. 1889 साली इटली आणि इथिओपिया यांच्यात वुचाले येथे तह झाला. त्याच्या अम्हारिक प्रतीत म्हटले होते की इथिओपियाचा सम्राट परदेशांशी व्यवहार करताना इटलीची मदत घेऊ शकेल. इटालियन प्रतीत ती घ्यावीच लागेल, असे होते. एका क्रियापदाचा फरक, पण त्याच्या जोरावर इटलीने इथिओपिया आपल्या छत्राखाली आल्याचे जगाला सांगितले. सम्राट मेनेलिकने तह झुगारला, आणि 1896 साली आडवा या गावाजवळच्या लढाईत इटलीचा पराभव झाला. मुलाने कादंबरीतला तह समजून वाचला असेल तर इतिहासाच्या पुस्तकातला तहही तो निराळ्या डोळ्यांनी वाचतो. आमच्या मते परीक्षेलाही याहून मोठा उपयोग नसेल.

सोलापूरच्या मुलांना या कादंबऱ्या जास्त लागू पडतात, असे आमचे ठाम मत आहे. पूर्व भागातले मूल घरी तेलुगू बोलते, गल्लीत "काय बे" म्हणते, शाळेत प्रमाण मराठी लिहिते. अक्कलकोटकडून येणाऱ्या मुलांच्या घरी कन्नड असते, कितीतरी घरांत उर्दू किंवा दखनी. आजीचे म्हणणे डॉक्टरांना आणि डॉक्टरांचे म्हणणे आजीला सांगणारे मूल आपल्याकडे दर दुसऱ्या घरात सापडेल. त्याला भाषांतर करताना काय वगळावे आणि काय मऊ करून सांगावे, हे आधीपासूनच कळते. नायिकेची कोंडी त्याला समजावून सांगावी लागत नाही.

कडक कायदे, पत्रकांवर बंदी, रस्त्यावर सैनिक असे प्रसंगही या पुस्तकांत येतात. तेव्हा मुलांना मे 1930 मधल्या सोलापूरच्या मार्शल लॉबद्दल, म्हणजे इंग्रजांनी लावलेल्या लष्करी अंमलाबद्दल, जरूर सांगा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना त्याच प्रकरणात 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. ही चार नावे वाचतानाच या गावच्या भाषा कानावर येतात.

ड्रॅगन म्हणजे चिनी ना, असेही बरेच जण विचारतात. या कादंबऱ्यांतला ड्रॅगन बहुधा युरोपातला असतो, आग ओकणारा, सोन्यावर बसणारा. चीनचा 'लुंग' पाण्यातला, पाऊस आणणारा. आपल्या कोरडवाहू जिल्ह्याला तोच जवळचा वाटावा. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली त्या देशात गेले, तिथली भाषा शिकले आणि तीच बोलत रुग्णांची सेवा केली. त्यांच्या मुलाचे नाव यिनहुआ, म्हणजे 'यिन' भारताचा आणि 'हुआ' चीनचा. दोन देश एका नावात बसवले, हेही भाषांतरच.

आता कामाचे. ही पुस्तके तेरा वर्षांखालच्या मुलांना आम्ही देत नाही. त्यांत युद्ध आहे, मृत्यू आहे, जवळच्या माणसाने केलेला दगा आहे, आणि नायिकेच्या हातूनही चुका होतात. बहुतेक प्रती इंग्रजीत आहेत. पहिली पन्नास पाने जड जातात, कारण नावे आणि शब्द नवे असतात. तिथे पुस्तक मिटू देऊ नका. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडायचीही गरज नाही. ड्रॅगनचे शब्द डिक्शनरीत सापडणारच नाहीत, ते संदर्भावरूनच लावायचे असतात आणि खरी गंमत त्यातच आहे. ही पुस्तके आम्ही वाचायला घरी देतो; पुस्तक 21 दिवस ठेवता येते. अर्ध्यावर असाल तर तसे कळवा, मुदत वाढवून देऊ.

दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे भीमा-सीना संगमावर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातली ओळ आहे, "वाछि तो विजेया होइवा", म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. ती आम्ही एका वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे. पुस्तक परत करताना त्यातले एक वाक्य निवडून आपल्या घरच्या भाषेत या वहीत उतरवावे, ही विनंती. आजवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत वाक्ये आली आहेत. एकाच वाक्याची दोन मुलांनी केलेली दोन भाषांतरेही शेजारी शेजारी आहेत. एकात 'आम्ही' आहे, एकात 'आपण'. वही काउंटरवर ठेवली आहे, पेन तिला दोऱ्याने बांधला आहे.