चाके काढली आणि स्क्रू बसवले

चाकाला पुढे जायला जमिनीशी घर्षण लागते. ताज्या बर्फात किंवा दलदलीत ते पुरेसे मिळत नाही. चाक जागच्या जागी गरगरते, स्वतःखालीच खड्डा करते आणि गाडी आसापर्यंत रुतते. रणगाड्यासारखे पट्टे बसवले तर वजन जास्त जागेवर पसरते, पण चिखल फारच पातळ असला की पट्टेही बुडतात. या अडचणीवर एकोणिसाव्या शतकात एक धाडसी तोडगा निघाला: चाके काढून टाकायची, गाडीच्या लांबीने दोन पोकळ पिंपे बसवायची आणि पिंपांभोवती मळसूत्रासारखे पाते गुंडाळायचे.

पेचाचा सोऱ्या आठवा. मूठ गोल फिरते, दट्ट्या मात्र सरळ खाली सरकतो. इथेही तसेच घडते. पाते बर्फात किंवा चिखलात रुतते, पिंप फिरते आणि गाडी पुढे सरकते. एकच पिंप असते तर गाडी बाजूला लोळली असती. म्हणून पिंपे दोन, एकावरचे मळसूत्र डावे, दुसऱ्यावरचे उजवे, आणि दोन्ही परस्परविरुद्ध फिरतात. बाजूचे ढकलणे एकमेकांना छेद देते, पुढचा जोर तेवढा उरतो. वळायचे असले की एक पिंप सावकाश फिरवायचे. पिंपे पोकळ असल्याने पाण्यावर गाडी तरंगतेसुद्धा.

या वंशावळीच्या सुरुवातीला जेकब मोरॅथ हे नाव येते. मूळचा स्वित्झर्लंडचा मोरॅथ अमेरिकेतील सेंट लुईसमध्ये स्थायिक झाला होता. त्याने मांडलेले यंत्र नांगर ओढण्यासाठी होते. पात्यांना धार होती, म्हणजे यंत्र चालता चालता जमिनीतली मुळेही कापली जावीत.

खरी गरज मात्र उत्तरेकडच्या लाकूडतोडीत होती. अमेरिकेच्या मेन राज्यात हिवाळ्यात झाडे पाडत आणि ओंडके घसरगाड्यांवर लादून बर्फावरून ओढत नेत. हे काम घोड्यांकडून यंत्राकडे नेण्याची धडपड तिथे चालू असताना आयरा पीव्हीने १९०७ मध्ये स्क्रूवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. प्रत्यक्ष बांधल्या गेलेल्या पहिल्या स्क्रूगाड्यांमध्ये पीव्हींच्या यंत्राची गणना होते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ‘आर्मस्टेड स्नो मोटर’ आली. मला या साऱ्या इतिहासात हीच पायरी सर्वांत हुशारीची वाटते, कारण नवी गाडी घडवण्याऐवजी फोर्डसन ट्रॅक्टर या बाजारात सहज मिळणाऱ्या यंत्राचीच चाके काढून तिथे पिंपे बसवली गेली. त्या काळच्या चित्रफितीत हा ट्रॅक्टर खोल बर्फातून दिमाखात जाताना दिसतो. तरीही तो घरोघरी पोहोचला नाही.

याचे कारण त्याच्या बळातच दडले आहे. पाते जमिनीत सहज सरकले तरच स्क्रू चालतो. त्याला निसरडेपणा हवा असतो, म्हणजे चाकाच्या नेमके उलट. कडक रस्त्यावर पाते रुतत नाही, झिजते, रस्ताही उकरते आणि इंधन वाया जाते. एक गंमत मात्र खरी: कडक जमिनीवर दोन्ही पिंपे एकाच दिशेने फिरवली तर गाडी खेकड्यासारखी आडवी चालते. पण शेतातून बाजारापर्यंत जायला अशी गाडी काय कामाची?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या जेफ्री पाइकने नॉर्वेच्या बर्फात छापे घालण्यासाठी स्क्रूगाडी सुचवली. अमेरिकी अभियंत्यांनी शेवटी पट्ट्यांचीच निवड केली आणि त्यातून ‘वीझल’ गाडी तयार झाली.

कडक रस्त्यावर न चालण्याच्या मर्यादेवर सोव्हिएत अभियंत्यांनी दिलेले उत्तर फार सुंदर आहे. मार्च १९६५ मध्ये ‘वोस्खोद-२’ यान ठरलेल्या जागेपासून दूर, पर्मजवळच्या घनदाट अरण्यात उतरले. बेल्यायेव आणि लिओनोव्ह या अंतराळवीरांना खोल बर्फात दोन रात्री काढाव्या लागल्या. त्यानंतर झिल या वाहन कारखान्यात विताली ग्राचेव्हच्या हाताखाली शोधवाहने घडू लागली. पुढे त्यात ‘झिल-२९०६’ ही छोटी स्क्रूगाडीही आली. ती रस्त्यावर चालणार नव्हती, म्हणून मोठ्या सहाचाकी वाहनाच्या पाठीवर बसून जायची. चाकांची हद्द संपली की खाली उतरायची आणि दलदलीतून अंतराळवीरांकडे निघायची.

आता हीच युक्ती पृथ्वीबाहेरच्या बर्फासाठी घडवली जात आहे. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने ‘ईल्स’ नावाचा सापासारखा यंत्रमानव तयार केला आहे. त्याच्या अंगाचे तुकडे फिरत्या स्क्रूंचे आहेत आणि त्याची चाचणी कॅनडाच्या अथाबास्का हिमनदीवर झाली. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर बर्फाच्या भेगांमधून पाण्याची वाफ उसळते. तशा भेगांमध्ये उतरता यावे, ही त्यामागची कल्पना आहे.