'मुलांनाच सांगतो ना!' – काम चालू असताना बदल सुचवण्याविषयी

सॉफ्टवेअर बसवायचं काम सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे विचारलं जातंच : "आराखडा ठरला, सह्या झाल्या, मग बारीकसारीक बदलाला पुन्हा फॉर्म कशाला? तुमची मुलं इथेच बसलीत, त्यांनाच सांगतो ना."

कृपया आमच्याकडून कामाला आलेल्या मुलांना परस्पर सांगू नका. आमचा वेळ आणि तुमचा पैसा सर्वांत जास्त इथेच जातो.

कास्टिंगच्या एका कारखान्यात आम्ही ईआरपी (सगळ्या खात्यांच्या नोंदी एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवत होतो. ग्राहकांची यादी एकाच जागी, ईआरपीत राहील आणि डिस्पॅच (माल पाठवणारं खातं) ती तिथूनच वाचेल, असं लेखी ठरलं होतं. ईआरपीतून यादी उघडायला वेळ लागतो म्हणून डिस्पॅचच्या साहेबांनी आमच्या मुलाला सांगितलं, "एक यादी इथेच ठेव." त्याने ठेवली, आम्हाला न विचारता. तेवढी चूक आमची. चार महिन्यांनी एका ग्राहकाने खरेदी दुसऱ्या राज्यातल्या प्लांटवर हलवली. अकाउंट्सने ईआरपीत नवा जीएसटी नंबर टाकला, डिस्पॅचच्या यादीत जुनाच राहिला आणि बिलं त्याच नंबरावर निघत गेली. तो नंबरही चालू असल्यामुळे, बिलं जिथे नोंदवायची त्या ई-इन्व्हॉइस पोर्टलने हरकत घेतली नाही. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर रद्द करायला 24 तास मिळतात. इथे चूक कळली ती ग्राहकाने पेमेंट अडवल्यावर. मग क्रेडिट नोटा, नवी बिलं आणि आठवडाभर फोनाफोनी.

डिस्पॅचची अडचण खरी होती. फॉर्म आला असता तर रोज रात्री ईआरपीतून ताजी होणारी, फक्त बघता येईल अशी प्रत आम्ही तिथे दिली असती. काम एका दिवसाचं.

काम ठरलेल्या आराखड्याप्रमाणे होतंय ना, ह्या देखरेखीला 'द ओपन ग्रुप' या संस्थेच्या टोगॅफ या चौकटीत (कंपनीच्या सॉफ्टवेअर-व्यवस्थेचा आराखडा आखायची आणि राबवायची पद्धत) 'जी' हा स्वतंत्र टप्पाच दिलाय. अंमलबजावणीचं नियोजन त्याच्या आधी 'एफ'मध्ये, पुढचे बदल 'एच'मध्ये. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी आर्किटेक्चर बोर्ड (आराखड्याबाबत निर्णय घेणारी समिती) असतं. तुमच्याकडे बोर्ड म्हणजे तुम्ही, अकाउंट्सचे एकजण, ज्या खात्याचा बदल आहे तिथले एकजण आणि आमच्याकडून मी. फॉर्म एका पानाचा आहे : काय हवं, कशासाठी, कधीपर्यंत. उत्तर दोन कामाच्या दिवसांत देतो.

प्रत्येक वेळी 'नाही' म्हणतो असंही नाही. घाई असेल तर ठरलेल्या आराखड्याबाहेर जायची सवलत देतो, पण मुदत घालून, आणि मुदतीनंतर ती सोय कोण काढणार हे लिहून. मुदत नसलेली तात्पुरती सोय पाच-पाच वर्षं तशीच चाललेली आम्ही पाहिली आहे.

आमच्या कोटेशनमध्ये 'पाहणी' अशी वेगळी ओळ असते आणि ती कमी करा असा आग्रह होतो. ती आम्ही कमी करत नाही. दर टप्प्याला बसवलेलं काम आराखड्याशी ताडून बघतो, फरक लिहून तुमच्या हातात देतो, त्याचे ते दिवस आहेत. दुसऱ्या कोणाकडून बसवून घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तरी ही पाहणी आम्ही करून देतो. त्याला जुना आराखडा, नसेल तर निदान सही झालेली ऑर्डर, काढून ठेवा.