राजकीय पक्ष राज्यघटनेत आला, त्याचा पैसा बाहेरच राहिला

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत 1967 ची गोष्ट अजूनही राजमाता आणि मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या भांडणाची म्हणून सांगितली जाते. विजयाराजे शिंदे त्याच वर्षी काँग्रेस सोडून करेऱ्याहून जनसंघाच्या आमदार झाल्या होत्या. जुलैमध्ये काँग्रेसचे 36 आमदार फुटले, मिश्रांचं सरकार कोसळलं आणि फुटलेल्यांचे नेते गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री झाले. घराघरांत गोष्ट इथेच संपते. राजकारणातला पैसा राज्यघटनेच्या बळावर आवरण्याच्या प्रयत्नांची गोष्ट मात्र इथून सुरू होते.

त्या वर्षी हरियाणातही 'आयाराम-गयाराम' सुरू झालं होतं. लोकसभेने ठराव केला आणि पक्षांतरांवर उपाय सुचवायला गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. 1969 चा तिचा अहवाल आजही वाचावा असा आहे. आधीच्या दहा वर्षांत पक्षांतराचे सुमारे 542 प्रकार घडले होते, 1967 च्या चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या एका वर्षात 438. आणखी बोलका आकडा पुढचा आहे: राज्यांमधल्या 210 फुटीर आमदारांपैकी 116 जणांना नव्या सरकारात मंत्रिपद मिळालं. निम्म्याहून जास्त! म्हणून समितीने सुचवलं, की मंत्रिमंडळ किती मोठं असावं याला मर्यादा घाला आणि फुटून आलेल्याला लगेच मंत्री करू नका. द्यायला पदंच उरली नाहीत तर आमदार फोडणार कशाने? यशवंतरावांच्या समितीने दुखणं नेमकं ओळखलं होतं, असं मला वाटतं.

औषधाला फार वेळ लागला. 1973 आणि 1978 ची पक्षांतरबंदीची विधेयकं वाया गेली. 1985 मध्ये 52वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावी अनुसूची, म्हणजे पक्ष सोडणाऱ्या किंवा पक्षादेश मोडणाऱ्या आमदार-खासदाराला अपात्र ठरवणारा पक्षांतरबंदी कायदा, आली. तोवर आपल्या राज्यघटनेत 'राजकीय पक्ष' ही संज्ञाच नव्हती. पक्ष घटनेत आला तो व्हिप, म्हणजे मतदानाचा पक्षादेश, काढणारा मालक म्हणून. त्याने पैसा कुठून आणावा, किती खर्चावा, हिशेब कुणाला दाखवावा, यावर अनुसूचीत एक ओळ नाही.

आणि त्याच 1985 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांचं दार पुन्हा उघडलं. मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागलांनी 1957 मध्येच टाटा स्टीलच्या प्रकरणात सांगितलं होतं, की कंपन्यांचा पैसा पक्षांकडे वाहू लागला तर लोकशाहीला धोका आहे, संसदेने याचा विचार करावा. 1969 मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, पण पैसा थांबला नाही, रोखीत गेला. 1985 ला नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत देणगी पुन्हा कायदेशीर झाली, 2013 ला साडेसात, आणि 2017 ला मर्यादाच काढली गेली. मागोमाग निवडणूक रोखे आले, म्हणजे देणगीदाराचं नाव मतदाराला न कळता पक्षाला पैसे देण्याची सोय.

खर्चाच्या बाजूची कथा याहून क्लेशदायक आहे. 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच खात्यात धरायचा. काही आठवड्यांतच वटहुकूम निघाला आणि पुढे कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला गेला. माझ्या मते या सबंध इतिहासातली सर्वांत मोठी संधी तिथे हातची गेली.

चव्हाण समितीचं मंत्रिमंडळाबद्दलचं म्हणणं 91व्या घटनादुरुस्तीने 2003 मध्ये ऐकलं, चौतीस वर्षांनी. विधानसभेच्या 15 टक्क्यांहून जास्त मंत्री नकोत आणि पक्षांतरामुळे अपात्र ठरलेला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री नको, असं ठरलं. 2020 च्या मार्चमध्ये 22 काँग्रेस आमदार ज्योतिरादित्य शिंदे यांच्यामागून बाहेर पडले, त्यांतले पुष्कळ आमच्या ग्वाल्हेर-चंबळचे. त्यांनी राजीनामे दिले. राजीनामा देणारा अपात्र ठरत नाही, त्यामुळे त्यांतले 14 जण पोटनिवडणुकीआधीच मंत्री झाले. आमदाराने का सोडलं, हे दहावी अनुसूची विचारतच नाही.

2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोनदा घटनेचा आधार घेतला. 15 फेब्रुवारीला निवडणूक रोखे रद्द झाले, कलम 19 मधल्या मतदाराच्या माहितीच्या हक्कावर, आणि कंपन्यांच्या अमर्याद देणग्याही घटनाबाह्य ठरल्या. 4 मार्चला सात न्यायाधीशांनी सांगितलं, की सभागृहातल्या मतासाठी लाच घेणाऱ्याला विशेषाधिकाराचं कवच नाही. दोन्ही निकाल मोलाचे आहेत. तरी दोन्हींत पक्षाच्या खर्चाचा प्रश्न नव्हता, आणि तो तसाच राहिला आहे.

2022 पासून मध्य प्रदेशात लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाखांची आणि विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांची खर्चमर्यादा आहे. ती ओलांडल्याचं सिद्ध झालं तर निवडणूक रद्द होऊ शकते. त्याच निवडणुकीत त्याच्या पक्षाने सर्वसाधारण जाहिरातींवर आणि स्टार प्रचारकांच्या विमानांवर कितीही रुपये ओतले, तरी त्या आकड्याला मर्यादा घालणारं कलम ना निवडणूक कायद्यात आहे, ना राज्यघटनेत.