तैलरंगातील प्रत्यक्ष व्यक्तिचित्रण : मुंबई

माणसाला समोर बसवून, छायाचित्राचा आधार न घेता, तैलरंगात त्याचे चित्र रंगवण्याची पद्धत. बसणाऱ्याला चित्रशाळांत ‘मॉडेल’ म्हणतात आणि त्याच्या एका वेळच्या बसण्याला ‘बैठक’ किंवा ‘सिटिंग’. १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या शिक्षणातून ही पद्धत मुंबईत रुजली. ब्रश चित्रकाराच्या हातात असला, तरी चित्र कुठवर जाणार हे बरेचदा बसणारा ठरवतो. तो किती वेळ देतो, किती मोकळा होतो, यावर सारे अवलंबून असते.

बैठक

मॉडेल साधारण वीस ते पंचवीस मिनिटे एका स्थितीत बसतो, मग थोडी विश्रांती घेतो. उठण्याआधी पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करून घेतात. नजर ठरावीक जागी राहावी म्हणून समोरच्या भिंतीवरचा एखादा खिळा किंवा डाग नेमून दिलेला असतो. एवढे करूनही विश्रांतीनंतर बसलेला माणूस आधीसारखा बसत नाही. सदऱ्याची चुणी तर कधीच जागेवर परतत नाही, म्हणून कपड्यांच्या मुख्य घड्या एकाच दमात मांडून घ्याव्या लागतात.

सुरुवातीच्या दहा मिनिटांत चेहरा फोटो काढायला बसल्यासारखा असतो: मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले. मग खांदे उतरतात, हनुवटी बोटभर खाली येते, पापण्या जड होतात. मुरलेला चित्रकार तोवर फक्त डोक्याचा आकार आणि मोठ्या सावल्या मांडतो, बारकाव्यांना हात लावत नाही. पुढचे दोन-तीन तास टिकणार असते ती ही उतरलेली मान. नवशिके घाईने ताठ मानेवर डोळे काढून मोकळे होतात आणि मग तासाभराने चित्रातला माणूस व समोरचा माणूस यांचा मेळ का बसत नाही, हे त्यांना कळत नाही.

प्रकाश आणि रंग

उत्तरेच्या खिडकीचा प्रकाश दिवसभर फारसा बदलत नाही, हा नियम युरोपातून आला. मुंबईत तो जपूनच पाळावा लागतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य या शहराच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, आणि मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो ईशान्येच्या अंगाने उगवून वायव्येच्या अंगाने मावळतो. उन्हाळ्यातल्या सकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही कवडसा गालावर येऊन पडतो तो यामुळेच. स्थिर प्रकाशाच्या बैठका हिवाळ्यात चांगल्या होतात.

रंग मोजके लागतात: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा), काळा, फार तर व्हिरिडियन (निळसर हिरवा). आपल्याकडची सावळी त्वचा तपकिरी रंगात पांढरा मिसळून साधत नाही. तसे केले की चेहरा खडूसारखा निर्जीव दिसतो. सावळ्या कपाळावर खिडकीतल्या आकाशाचा निळसर उजेड चकाकतो, गाल आणि कानाच्या पाळीत लाली असते, दाढी केलेल्या हनुवटीवर हिरवट करडी झाक येते. पारशी गृहस्थाची पांढरी डगली किंवा आजीचे पांढरे लुगडे गळ्याखालच्या सावलीत आपला प्रकाश परत फेकते. ती सावली उबदार आणि स्वच्छ राखणे हे या कामातले सगळ्यात सुंदर कसब आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. नथीतला मोती याउलट एका जाड फटकाऱ्याचे काम. तो फटकारा ब्रशने पुन्हा चाळवला की मोती मेलाच.

थर चढवताना ‘आधी पातळ, मग तेलकट’ हा क्रम पाळतात. टर्पेंटाइनने पातळ केलेला खालचा थर लवकर वाळतो, जवसाच्या तेलाचा वरचा थर सावकाश. क्रम उलटला तर वरच्या थराला तडे जातात. पावसाळी दमट हवेत कॅनव्हास ढिला पडतो, तो पुन्हा ताणायला चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकाव्या लागतात, आणि मागच्या बाजूला बुरशी धरते.

मुंबईतील परंपरा

पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) यांनी पारशी घरातली माणसे तैलरंगात आणली. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) आणि एम. एफ. पिठावाला यांनी व्यक्तिचित्रणाची ख्याती वाढवली. १९२०च्या सुमारास प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात जे. जे. स्कूलमध्ये विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचे वर्ग सुरू झाले आणि समोरच्या देहावरून काम करण्याला पक्का पाया मिळाला. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांनी या चित्रांना प्रेक्षक दिला.

शहरातल्या सभागृहांत, न्यायालयांत आणि धर्मादाय संस्थांत टांगलेली दात्यांची व न्यायमूर्तींची चित्रे पाहिली, की ऑर्डरच्या कामाची मर्यादाही दिसते. मोठ्या माणसाला बसायला वेळ नसतो. काही वेळा तो हयातच नसतो. मग फोटोवरून काम होते आणि पगडी, उपरणे, खुर्चीचा हात चेहऱ्यापेक्षा जिवंत उतरतात. भरपूर वेळ देणारे मॉडेल घरातलेच. आंतोनियो शाव्हियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांनी पत्नीला बसवून चित्रे केली. सा. ल. हळदणकर यांच्या हातात दिवा घेतलेल्या स्त्रीच्या प्रसिद्ध चित्रासाठी त्यांची मुलगी उभी राहिली होती. ते चित्र जलरंगात आहे, पण मुद्दा तोच. २००६ मध्ये अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर पुरस्कार वासुदेव कामत यांना मिळाला, तो पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी.

प्रेक्षकांसमोर दोन-तीन तासांत चित्र पुरे करण्याची ‘प्रात्यक्षिके’ मुंबईत आजही होतात आणि विद्यार्थी त्यांना गर्दी करतात. ब्रश उचलण्याआधी चित्रकार किती वेळ नुसता बघत थांबतो, हे तिथेच शिकायला मिळते.

मॉडेलची नोंद

कलाशाळेत रोजावर बसणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या जिवावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. पाठीला रग लागली तरी ही माणसे हलत नाहीत. त्यांची चित्रे मात्र ‘म्हातारा’, ‘कोळीण’, ‘अभ्यास’ अशा शीर्षकांखाली प्रदर्शनात लागतात, आणि ऑर्डरच्या चित्राखाली मात्र पितळी पट्टीवर पूर्ण नाव असते. हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त करणे अवघड नाही. काही चित्रकार कॅनव्हासच्या मागे, चौकटीच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने मॉडेलचे नाव व बैठकीची तारीख लिहितात. जुने चित्र नव्या चौकटीवर चढवताना आधी मागची बाजू वाचावी, आणि असे नाव सापडले तर ती लाकडी पट्टी फेकून न देता चित्रासोबत ठेवावी.