निळ्या ज्योतीच्या पोटात काय चालतं?

गॅस वेल्डिंगने लोखंडी शिल्पं, खुर्च्या, टेबलं बनवणाऱ्यांचे व्हिडिओ बघितले की एक शंका हमखास येते, अॅसिटिलीनसारखा भडकू गॅस कशाला, ऑक्सिजन सोबत आहेच तर एलपीजी का नाही चालत? शंका रास्त आहे. उलट एक घनमीटर प्रोपेन (एलपीजीतला एक मुख्य गॅस) जाळला तर तेवढ्याच अॅसिटिलीनपेक्षा जास्त उष्णता मिळते. कापायला, तापवून वाकवायला तो वापरतातही, पण स्टीलचं वेल्डिंग त्याने धड होत नाही.

कारण उष्णता किती यापेक्षा ती कुठे सुटते हे महत्त्वाचं. टॉर्च पेटवताना आधी नुसतं अॅसिटिलीन, पिवळी आणि काजळी ओकणारी ज्योत. मग ऑक्सिजन हळूहळू उघडायचा. नोझलच्या तोंडाशी एक लख्ख छोटा शंकू दिसतो आणि त्याच्या पुढे फिकट पिसासारखी शेपटी. ती आखडत आखडत शंकूत मिसळली की थांबायचं, ही न्यूट्रल फ्लेम, म्हणजे ना ऑक्सिजन जास्त ना अॅसिटिलीन. त्या शंकूत अॅसिटिलीनचा एक रेणू आणि सिलिंडरमधल्या ऑक्सिजनचा एक रेणू मिळून कार्बन मोनॉक्साइडचे दोन आणि हायड्रोजनचा एक रेणू तयार होतो, म्हणजे ज्वलन अर्धवटच! उरलेलं ज्वलन बाहेरच्या निळ्या आवरणात, हवेतल्या ऑक्सिजनवर. अॅसिटिलीनच्या तिहेरी बंधाच्या रेणूत मुळातच ऊर्जा कोंबलेली असते, तो मोडला की ती पण सुटते, त्यामुळे शंकूच्या टोकापुढे दोन-तीन मिलिमीटरवर साधारण ३१०० अंश सेल्सिअस. स्टील १५०० च्या आसपास वितळतं. प्रोपेनची बरीचशी उष्णता बाहेरच्या आवरणात पसरून जाते, एका ठिपक्यावर मिळत नाही.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ते अर्धवट जळलेले वायू. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन दोघेही ऑक्सिजनचे भुकेले, ते वितळलेल्या लोखंडाच्या डबक्यावर पसरतात आणि हवेला तिथपर्यंत पोचूच देत नाहीत, म्हणून साध्या स्टीलला फ्लक्स (जोडावर गंज धरू न देणारी पूड) लागत नाही. ऑक्सिजन जास्त झाला तर डबकं फेसाळतं, ठिणग्या उडतात, आणि कमी पडला तर जास्तीचा कार्बन स्टीलमध्ये मुरून जोड ठिसूळ होतो.

शिल्पकारांना हे का भावतं? एका हातात आग, दुसऱ्या हातात जोडात वितळवून भरायचा रॉड, दोन्ही वेगवेगळे सांभाळता येतात. स्पॅनिश शिल्पकार हुलिओ गोन्झालेझ १९१८ च्या सुमारास रेनॉच्या मोटारींच्या कारखान्यात हे शिकला आणि १९२८ पासून पिकासोला लोखंडी शिल्पं करायला त्यानेच मदत केली. तोटा म्हणजे उष्णता आजूबाजूला पसरते, पातळ पत्रा वाकडा होतो, खुर्चीचे चार पाय एका पातळीत ठेवणं म्हणजे कसरतच.

गॅल्वनाइज्ड, म्हणजे झिंकचा थर दिलेला, पाइप वेल्ड करताना दूध प्यायलं की धूर बाधत नाही असं बरेच जण ठामपणे सांगतात. झिंकचा धूर फुप्फुसात जातो, दूध पोटात, दोघांची भेट होणार कुठे? संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा तो येतोच. झिंकचा थर आधी काढा, खेळती हवा ठेवा.

बाकी अॅसिटिलीन भडकू खरंच आहे, मोकळ्या रूपात दाबलं तर ऑक्सिजनशिवायही फुटतं. म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ भरून त्यात अॅसिटोन मुरवलेलं असतं आणि गॅस त्यात विरघळलेला. सिलिंडर आडवा ठेवून वापरला तर गॅसबरोबर अॅसिटोनही बाहेर येतं, त्यामुळे तो उभाच ठेवायचा, साखळीने बांधून.